एकोणिसाव्या क्रमांकाचा धावपटू : फडेप्पा चौगुले

चरित्र म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे पहिल्या आलेल्यांचीच नावे उभी राहतात. वार्षिकांकासाठी एखाद्या थोर व्यक्तीचे चरित्र लिहावे असे सरांनी सुचविले तेव्हा वर्गातल्या मैत्रिणींनी अशीच नावे घेतली. मी ज्यांच्याविषयी लिहीत आहे ते मात्र आपल्या आयुष्यातील सर्वांत मोठ्या शर्यतीत एकोणिसावे आले होते. त्यांना पदक मिळाले नाही. त्यांचे नाव फडेप्पा दरेप्पा चौगुले आणि गाव बेळगाव. १९२० साली बेल्जियममधील अँटवर्प येथे जे ऑलिंपिक सामने झाले, त्यांत मॅरेथॉनची शर्यत पुरी करणारे ते पहिले भारतीय होत.

हेच नाव मी का निवडले, ते आधी सांगितले पाहिजे. आरमोरीत पहाटे जाग असलेल्या कुणालाही ठाऊक आहे की, उजाडण्यापूर्वी ब्रह्मपुरीच्या आणि गडचिरोलीच्या रस्त्याने मुलामुलींचे घोळके धावत असतात. त्यांपैकी फार थोडे हौसेखातर धावतात. बाकीचे भरतीसाठी धावतात. पोलीस भरतीला मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावावे लागते. वनरक्षकाच्या भरतीला मुलांना ५ किलोमीटर आणि मुलींना ३ किलोमीटर. मीही त्यांतलीच एक. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिली. बाबांची दोन एकर धानाची शेती. आई रोवणीच्या हंगामात दुसऱ्यांच्या बांधीतही जाते आणि उन्हाळ्यात मोहफुले व तेंदूपाने गोळा करते. अशा घरातून पहाटे चार वाजता मुलगी धावायला निघते तेव्हा ती हौस नसते. घराची आशा तिच्या पायांवर असते.

पण जागा शंभर असतात आणि धावणारे हजारो. यादीत नाव न आलेली मुले-मुली घरी परततात आणि पुन्हा बांधीत उतरतात. मग त्यांना एक प्रश्न पडतो, तो मलाही पडला आहे : पहिल्यांत आलो नाही, तर हे सारे धावणे फुकट गेले का? या प्रश्नाचा विचार करता करता मी चौगुले यांच्या चरित्राकडे वळले.

चौगुले यांचा जन्म १९०२ साली बेळगावला झाला. बेळगाव तेव्हा मुंबई इलाख्यात होते. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली आणि ते तेव्हाच्या म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात गेले. तिथल्या मराठी माणसांच्या मनात ती सल अजून आहे. त्या भागात मराठी आणि कानडी एकाच आळीत नांदतात. फडेप्पा, दरेप्पा ही नावेच पाहा. आडनाव मराठी मुलखातले आणि नावाच्या शेवटी कानडी वळणाचा अप्पा. आपल्या झाडीपट्टीतही मराठी, गोंडी, छत्तीसगढी आणि दक्षिणेकडे तेलुगू अशा भाषा एकमेकींत मिसळल्या आहेत, म्हणून मला त्या नावाचे नवल वाटले नाही, उलट आपलेपणा वाटला.

त्या काळी आपल्याकडे खेळ म्हणजे कुस्ती, आट्यापाट्या, खोखो, हुतुतू. धावणे हा स्वतंत्र खेळ आहे, त्याला मोजलेले अंतर लागते, घड्याळ लागते, नियम लागतात, ही कल्पना नवी होती. ती रुजविण्याचे मोठे काम पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने केले. ही संस्था १९०६ साली स्थापन झाली. जमशेटजी टाटांचे थोरले चिरंजीव सर दोराबजी टाटा तिचे अध्यक्ष झाले. दोराबजी केंब्रिजला शिकलेले आणि तिकडच्या मैदानी खेळांत मुरलेले. जिमखान्याच्या शर्यती पाहायला ते गेले तेव्हा त्यांना एक विलक्षण दृश्य दिसले. लांब पल्ल्याच्या शर्यतीत उतरलेले बहुतेक धावपटू खेड्यापाड्यांतले शेतकरी होते आणि अनवाणी धावत होते. त्यांना कुणी शिकवले नव्हते. तरीही त्यांच्या वेळा युरोपातील चांगल्या धावपटूंच्या वेळांशी तुलना करण्याजोग्या आहेत असे दोराबजींच्या लक्षात आले. ही १९१९ सालची गोष्ट. मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज लॉईड त्या प्रसंगी हजर होते. पुढच्या वर्षी अँटवर्पला ऑलिंपिक भरणार आहे, तर तिथे हिंदुस्थानचा संघ पाठवावा, असे दोराबजींनी त्यांच्याजवळ सुचविले आणि त्यातून आपल्या पहिल्या ऑलिंपिक संघाची सुरुवात झाली. त्यापूर्वी १९०० साली पॅरिसला नॉर्मन प्रिचर्ड हा कलकत्त्याचा खेळाडू एकटा धावून आला होता. पण निवड करून पाठवलेला संघ असा हा पहिलाच.

आपल्याकडे तेव्हा या विषयाचे ज्ञान किती अपुरे होते याची एक हकीकत आहे. संघ निवडायची चर्चा चालली असता जिमखान्याच्या एका जाणत्या सभासदाला कुणीतरी विचारले की, १०० मीटरच्या शर्यतीला ऑलिंपिकमध्ये किती वेळ चालेल. त्यांनी एक ते दोन मिनिटे असे उत्तर दिले. ही गोष्ट मिनिटांची नसून सेकंदांची आहे, तेही सेकंदाचे भाग मोजण्याची आहे, असे सांगितल्यावर ते थक्क झाले. आज आपल्याला हसू येईल. परंतु मला वाटते, आपल्या खेड्यांतली पुष्कळ मुले आजही अशीच तयारी करतात. आपण रोज किती अंतर धावतो हे त्यांना ठाऊक नसते. या झाडापासून त्या पुलापर्यंत, एवढेच माप. मग भरतीच्या मैदानावर आखलेला गोल ट्रॅक आणि हातात घड्याळ घेतलेला माणूस पाहिला की पाय गळतात.

संघासाठी पैसा उभा करणे हे आणखी अवघड काम. खेळाडू गरीब घरचे. विलायतेच्या बोटीचे भाडे त्यांच्या स्वप्नातही नव्हते. सरकारने काही दिले, लोकांनी काही दिले, आणि मोठा भार दोराबजींनी स्वतःच्या खिशातून उचलला. चौगुले, सदाशिव दातार आणि कैकाडी हे लांब पल्ल्याचे धावपटू, बंगालचे पूर्मा बॅनर्जी हे कमी अंतराचे धावपटू, आणि नवले व शिंदे हे दोन मल्ल असा तो सहा जणांचा संघ होता. त्यांच्यात चौगुले अवघे अठरा वर्षांचे. आज आपल्याकडे त्या वयाचा मुलगा बारावी होऊन भरतीचा पहिला अर्ज भरतो.

१९२० च्या उन्हाळ्यात हे सहा जण बोटीने इंग्लंडला गेले आणि लंडनमध्ये सुमारे सहा आठवडे त्यांनी सराव केला. परका देश, परके अन्न, थंड हवा. अनवाणी पायाने मातीवर धावणाऱ्यांना तिथे बूट घालून धावण्याची सवय करायची होती. ही सवय सोपी नसते. पायात ओझे आले की पाऊल टाकण्याची रीतच बदलते. पोटऱ्या आणि घोटे वेगळ्या जागी दुखू लागतात. ज्यांनी शाळेत अनवाणी शर्यती जिंकल्या आणि नंतर भरतीसाठी पहिले बूट घेतले, त्यांना मी काय म्हणते ते कळेल.

त्याच दिवसांत इकडे देशात काय चालले होते तेही ध्यानात घ्यावे. १ ऑगस्ट १९२० रोजी मुंबईत लोकमान्य टिळकांचे निधन झाले. त्याच दिवशी असहकाराची चळवळ सुरू झाली. सारा महाराष्ट्र शोकात असताना बेळगावचा हा मुलगा हजारो मैलांवर सराव करीत होता. १४ ऑगस्टला अँटवर्पच्या स्टेडियमवर सामन्यांचे उद्घाटन झाले. १९१६ चे सामने महायुद्धामुळे झालेच नव्हते आणि बेल्जियम तर त्या युद्धात भरडून निघालेला देश. पाच वलयांचा ऑलिंपिक ध्वज त्या सामन्यांत प्रथमच फडकला आणि खेळाडूंच्या वतीने शपथही प्रथमच घेतली गेली. आपल्या संघापुढे ध्वज घेऊन पूर्मा बॅनर्जी चालले. तो ध्वज अर्थातच परक्या सत्तेचा होता.

२२ ऑगस्टला मॅरेथॉन झाली. हवा थंड होती आणि पावसाची भुरभुर चालू होती. आज मॅरेथॉनचे अंतर ४२ किलोमीटर १९५ मीटर हे सर्वत्र ठरलेले आहे. पण ते नियमाने पक्के झाले १९२१ साली. त्याआधी प्रत्येक ठिकाणी अंतर थोडे वेगळे असे. अँटवर्पचा मार्ग ४२.७५ किलोमीटरचा होता, म्हणजे आजच्या मॅरेथॉनपेक्षा अर्ध्या किलोमीटरहून जास्त. ऑलिंपिकच्या इतिहासातील ती सर्वांत लांब मॅरेथॉन ठरली.

त्या शर्यतीत पुढे होता फिनलंडचा हॅनेस कोलेहमाइनेन. तो गवंडीकाम करून पोट भरणारा माणूस. १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये त्याने तीन सुवर्णपदके जिंकली होती. परंतु फिनलंड तेव्हा रशियाच्या ताब्यात असल्यामुळे त्याच्या विजयानंतर रशियाचा झेंडा चढविला गेला आणि जिंकूनही त्याला वाईट वाटले. १९१७ साली फिनलंड स्वतंत्र झाला. अँटवर्पला तो पहिल्याने आपल्या देशाच्या झेंड्याखाली धावत होता. दक्षिण आफ्रिकेच्या गिटशॅमने निम्म्या अंतरापर्यंत त्याला सोडले नाही. पुढे गिटशॅमचा पाय दुखावला आणि त्याला शर्यत सोडावी लागली. शेवटी एस्टोनियाचा युरी लॉसमान मागून वेगाने आला. कोलेहमाइनेनने २ तास ३२ मिनिटे ३५.८ सेकंदांत शर्यत जिंकली. लॉसमान त्याच्या मागे अवघे १३ सेकंद होता. इटलीचा आर्री तिसरा आला आणि इतके धावूनही त्याने मैदानावर कोलांट्या मारून दाखविल्या.

आपल्या दोघांपैकी दातार यांना शर्यत पुरी करता आली नाही. चौगुले धावत राहिले. २ तास ५० मिनिटे ४५ सेकंदांनी ते स्टेडियममध्ये पोहोचले आणि त्यांचा एकोणिसावा क्रमांक लागला. विजेत्यापेक्षा त्यांना १८ मिनिटे १० सेकंद अधिक लागले होते.

एवढे वाचून पुष्कळ जण पान उलटतील. मी मात्र वहीवर हिशेब मांडून पाहिला. ४२.७५ किलोमीटरला २ तास ५० मिनिटे ४५ सेकंद, म्हणजे प्रत्येक किलोमीटरला सुमारे ४ मिनिटे. ४०० मीटरच्या ट्रॅकची एक फेरी ९६ सेकंदांत. आणि अशा जवळजवळ १०७ फेऱ्या, मध्ये न थांबता. आम्ही मुली भरतीत जे ८०० मीटर धावतो ते त्यांच्या वेगाने ३ मिनिटे १२ सेकंदांत होतात. तेवढे एकदा धावून आमच्यातल्या कितीतरी जणी गुडघ्यांवर हात टेकून उभ्या राहतात. चौगुले तसे ५३ वेळा धावले, आणि वर थोडे आणखी. हा हिशेब मांडल्यावर एकोणिसावा क्रमांक मला लहान वाटेना.

मायदेशी परतल्यावर चौगुले यांच्या नावावर जगाला दाखविण्यासारखे पदक नव्हते. पण त्यांच्या पावलांमागून वाट पडली. दोराबजी टाटा १९२० सालीच आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचे सदस्य झाले. १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकला आपला अधिक मोठा संघ गेला आणि मॅरेथॉनमध्ये महादेव सिंग धावले. १९२७ साली भारतीय ऑलिंपिक संघटना स्थापन झाली व दोराबजी तिचे पहिले अध्यक्ष झाले. १९५१ साली दिल्लीला पहिले आशियाई सामने झाले तेव्हा मॅरेथॉनचे सुवर्णपदक छोटा सिंग या भारतीयाने जिंकले. १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकमध्ये शिवनाथ सिंग मॅरेथॉनमध्ये अकरावे आले. चौगुले १९५२ साली वारले. त्याच वर्षी हेलसिंकीला कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी कुस्तीत कांस्यपदक मिळविले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक पदक. अँटवर्पच्या त्या पहिल्या संघातही धावपटूंबरोबर दोन मल्ल होते आणि त्यांतले शिंदे पदकाच्या अगदी जवळ जाऊन चौथे आले होते, हे आठवले म्हणजे बत्तीस वर्षांचे हे धागे जुळतात.

हेलसिंकीचेच आणखी एक उदाहरण आहे. त्या सामन्यांत चेकोस्लोव्हाकियाच्या एमिल झाटोपेकने ५००० मीटर, १०००० मीटर आणि मॅरेथॉन अशा तिन्ही शर्यती जिंकल्या, आणि मॅरेथॉन तर तो आयुष्यात पहिल्यांदा धावत होता. तो पूर्वी बुटांच्या कारखान्यात कामगार होता. त्याने स्वतःची एक रीत बसविली होती : ४०० मीटर जोराने, मग थोडे हळू, पुन्हा ४०० मीटर जोराने, असे कित्येक वेळा. चौगुले यांच्या काळी मात्र जगभरच सरावाचे शास्त्र बाल्यावस्थेत होते. लांब चालणे हाच मुख्य सराव समजला जाई. धावताना पाणी पिणे वाईट, अशी समजूत होती. १९०४ च्या सेंट लुईस ऑलिंपिकमध्ये तर मॅरेथॉनच्या विजेत्याला वाटेत ब्रँडी आणि कुचल्याचे विष थोडे थोडे पाजले होते आणि तो मरता मरता वाचला. अशा अज्ञानाच्या काळात एक अठरा वर्षांचा मुलगा परक्या हवेत शर्यत शेवटपर्यंत नेतो, ही गोष्ट माझ्या मते पदकाहून कमी नाही.

आज आपल्याला ते अज्ञान परवडणार नाही, कारण ज्ञान उपलब्ध आहे. आमच्या पहाटेच्या घोळक्यात जे प्रश्न रोज निघतात त्यांविषयी मी शारीरिक शिक्षणाच्या सरांकडून, ग्रामीण रुग्णालयातल्या मॅडमकडून आणि स्वतःच्या पायांकडून जे शिकले ते थोडक्यात सांगते. चरित्रात हा विषय आगंतुक वाटेल. परंतु धावणाऱ्या माणसाचे चरित्र वाचून धावणाऱ्यांना काही उपयोग झाला नाही तर ते लिहावे कशाला?

पहिली गोष्ट वेगाची. रोज जीव तोडून धावणारा महिन्याभरात लंगडू लागतो. आठवड्यातले बहुतेक दिवस इतक्या वेगाने धावावे की शेजारणीशी बोलता आले पाहिजे. बोलता येत नसेल तर वेग जास्त आहे. झाटोपेकसारखे जोराचे धावणे आठवड्यातून एकदा, फार तर दोनदा. एक दिवस पूर्ण विश्रांती. अंतर वाढवायचे ते थोडे थोडे. या आठवड्यात दहा किलोमीटर आणि पुढच्या आठवड्यात पंचवीस असे केले की नडगीचे हाड दुखू लागते. आमच्यातल्या निम्म्या मुलामुलींना हे दुखणे आहे आणि त्याचे कारण बहुधा हेच, शिवाय कडक डांबरी रस्ता. शक्य तेथे मैदानाच्या मातीवर धावावे. भरतीच्या दिवशी सुरुवातीलाच सगळ्यांच्या पुढे पळत सुटणारा शेवटच्या फेरीत मागे पडतो. पहिली फेरी आवरून धरणे हीच लांब पल्ल्याची खरी विद्या.

दुसरी गोष्ट खाण्यापिण्याची. पोटभर जेवून लगेच धावले की कुशीत कळ येते. म्हणून जेवण आणि धावणे यांत दोन-तीन तास जावेत. आपल्याकडचा उन्हाळा सर्वांना माहीत आहे. चंद्रपूरचा पारा मे महिन्यात ४६-४७ अंशांवर जातो. पहाटेही घाम वाहतो. धावण्याआधी आणि नंतर पाणी प्यावे; ताक, आंबील किंवा मीठ-साखर घातलेले लिंबाचे पाणी हे गरिबालाही परवडते. भाताबरोबर वरण, अंडी, वैनगंगेचे मासे, पालेभाजी, जवसाची चटणी यांतले जे मिळेल ते खावे. नुसत्या भातावर लांब धावणे होत नाही.

तिसरी गोष्ट रक्ताची, आणि ती आपल्या जिल्ह्यात फार महत्त्वाची आहे. थोडे धावले की धाप लागते, चक्कर येते, म्हणून मुलीला आळशी म्हणतात. पुष्कळदा ती आळशी नसते, तिच्या रक्तात लोह कमी असते. रुग्णालयात हिमोग्लोबिन तपासून घ्यावे. आपल्या भागात सिकलसेलही पुष्कळ आढळतो. ज्यांच्या रक्तात तो नुसता वाहक म्हणून आहे त्यांना एरवी काही त्रास जाणवत नाही. पण उन्हात, पाणी न पिता, एकदम जीव तोडून धावले तर त्यांनाही धोका होऊ शकतो. म्हणून तपासणी करावी आणि डॉक्टरांना विचारून सराव करावा. मलेरियातून उठल्यावर लगेच धावू नये. पाळीच्या दिवसांत धावू नये असे घरी सांगतात. त्रास नसेल तर हलके धावण्याला हरकत नाही असे मला मॅडमनी समजावून सांगितले.

बुटांचे म्हणाल तर महाग असण्यापेक्षा पायाला बसणे महत्त्वाचे. संध्याकाळी पाय किंचित सुजलेले असतात, तेव्हा बूट घ्यावे. शर्यतीच्या दिवशी नवे बूट कधीही घालू नयेत, फोड येतात. आणि एक गोष्ट पुस्तकात सापडायची नाही, ती आपल्या भागाची : अंधारात जंगलाच्या कडेने एकट्याने धावू नये. आरमोरी-वडसा भागात वाघाने माणसे मारल्याच्या घटना आपण विसरू शकत नाही. मोठ्या रस्त्यावर मालमोटारींची भीती आहे, म्हणून फिकट रंगाचे कपडे घालावे, समोरून येणारी गाडी दिसेल अशा बाजूने धावावे, आणि गट करून जावे. गटाने धावलो की मुलींना लोकांचे बोलणेही कमी ऐकावे लागते.

लोकांचे बोलणे हीदेखील एक अडचणच आहे. मुलीची जात, ट्रॅक पँट घालून रस्त्याने पळते, असे माझ्या आईला विहिरीवर ऐकावे लागले. गेल्या वर्षी एका भरतीत मी मैदानी चाचणी दिली. यादी लागली, त्यात माझे नाव नव्हते. घरी कुणी रागावले नाही, पण त्यानंतर माझ्या लग्नाच्या गोष्टी निघू लागल्या. बाबांनी आणखी एक वर्ष दिले आहे. पुढच्या यादीत नाव येईलच असे मी कुणाला वचन देऊ शकत नाही. नाव आले नाही तर काय, हा प्रश्न माझ्यापुढे उभा आहे आणि आमच्या घोळक्यातल्या प्रत्येकापुढे उभा आहे.

चौगुले यांच्या चरित्राने त्या प्रश्नाचे उत्तर दिले असे मी म्हणणार नाही. एकोणिसाव्या क्रमांकाला नोकरी लागत नाही, हे मलाही कळते. पोटाची चिंता क्रमांकाने मिटते आणि क्रमांक थोड्यांनाच मिळतो. पण त्या अठरा वर्षांच्या मुलामुळे आपल्या देशाला एक गोष्ट प्रथम कळली की, आपला माणूस जगातल्या धावपटूंबरोबर ४२ किलोमीटर धावू शकतो आणि शेवटपर्यंत पोहोचू शकतो. पुढे आदिवासी पाड्यावरून आलेली नाशिक जिल्ह्यातील कविता राऊत, साताऱ्याच्या दुष्काळी भागातली ललिता बाबर, बीड जिल्ह्यातील मांडव्याचा अविनाश साबळे ही शेतकरी-मजुरांची मुले जगाच्या मैदानावर गेली. त्यांच्याआधी शंभर वर्षे कुणीतरी ती वाट तुडवली होती. आमच्या गावातल्या लहान मुली मला पाहून शाळेच्या मैदानावर धावू लागल्या आहेत. त्यांतली एखादी माझ्यापेक्षा वेगाने धावेल. तेव्हा तिला अंतर मोजता आलेले असेल, रक्त तपासलेले असेल, आणि पहिल्या फेरीत वेग आवरायचा हे ठाऊक असेल.

म्हणून माझ्या मित्रमैत्रिणींना आणि आमच्या प्राध्यापकांना एक विनंती आहे. कॉलेजच्या मैदानावर चुन्याने ४०० मीटरचा ट्रॅक कायमचा आखून घ्यावा आणि एक घड्याळ तिथे ठेवावे. वर्षातून एकदा सर्वांसाठी ५ किलोमीटरची शर्यत भरवावी, आणि तिच्यात पहिल्या तिघांचीच नव्हे, तर शर्यत पुरी करणाऱ्या प्रत्येकाची वेळ फलकावर लिहावी. अँटवर्पला तसे लिहून ठेवले गेले, म्हणूनच बेळगावच्या फडेप्पा चौगुले यांचे २ तास ५० मिनिटे ४५ सेकंद आज आपण वाचू शकतो.